एक किलोपेक्षा हलकं बाळ

प्रिय आईस,
तुझ्या धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांकडे गेलीस, की नुसतंच तेल चोळते आहेस?

मला बढती मिळाली. बाबांना एवढंच सांग, बाकीचं तुझ्यापुरतं ठेव.

आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यात तान्ह्या बाळांना सलाईनमधून किती औषध जावं ते ठरवतं. मला काम शिकवणाऱ्या मॅडमनी लिहिलेला नवा भाग परवा सुरू व्हायचा होता. मी आपली शिकायला म्हणून तो वाचत होते. एका ओळीशी अडले. वाटलं, मलाच कळत नसणार. तरी भीत भीत विचारलं, "मॅडम, बाळ एक किलोपेक्षा हलकं असेल तर?"

त्यांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या. तशा बाळाला दुप्पट औषध गेलं असतं. ज्यांच्या भरवशावर मी निर्धास्त होते, त्यांचीच चूक निघाली गं!

सगळ्यांसमोर त्या साहेबांना म्हणाल्या, "चूक माझी आहे. यापुढे माझं काम हीच तपासेल."

लोक अभिनंदन करतात, मला मात्र धास्ती वाटते. माझ्या नजरेतून काही सुटलं तर? आज पहिलंच काम तपासलं, पण मंजुरी देववेना. शेवटी मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "मलाही भीती वाटतेय," म्हणाल्या. "चल, पहिल्यापासून वाचू."

वाचलं. मंजुरी दिली. बोटं अजून गार आहेत.

तुझीच,
धाकटी