मोरीला अख्खा दगड

आप्पा, पडवीतल्या कट्ट्यावरचा तुमचा काळा दगड काल मागच्या मोरीत बसला. उतार बरोबर असल्याचं मिस्त्रींनी बादलीभर पाणी ओतून दाखवलं. आईचं तेवढ्यानं भागलं नाही, तिनं स्वतः आणखी एक तांब्या ओतला. पाणी सरळ सिंकमध्ये गेलं, कोपऱ्यात थेंबभरही थांबलं नाही. तुम्हाला हे आवडणार नाही हे धरूनच लिहिते आहे.

शिरूरपासून दौंडपर्यंत किती घरांत तुमच्या हातची फरशी आहे, ते तुम्हालाही मोजता आलं नसतं. आपल्या निमोण्याच्या घरातली मोरी मात्र त्या सगळ्या घरांच्या उरलेल्या तुकड्यांची. शहाबादीचे पापुद्रे निघालेले, दोन तुकडे एका मापाचे नाहीत, सांध्यांत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. आई तिथं उकिडवी बसून सगळ्यांची भांडी घासायची. मी नववीत असताना शिरूरच्या एका बंगल्याच्या मालकानं काम आवडलं म्हणून तुम्हाला हा काळ्या ग्रॅनाइटचा अख्खा दगड दिला. टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. मी विचारलं, हा मोरीला लावायचा का? तुम्ही सगळ्यांसमोर हसलात. "मोरीत काय पाव्हणं बसवायचेत? चांगला दगड पुढं आसतो, मागं तुकडं." माणसंही हसली. आत आईच्या हातातलं पातेलं जरा जोरात आपटलं, एवढंच. दगड पडवीत बसला, त्यावर तुम्ही बसलात, आणि शेवटच्या आजारापर्यंत ती जागा दुसऱ्या कुणाची झाली नाही.

यंदा आई त्याच मोरीत निघालेल्या पापुद्र्यावरून घसरली. हाड वाचलं, पण दौंडच्या डॉक्टरांनी उकिडवं बसणं कायमचं बंद केलं. मी तिला बघायला गेले तेव्हा भाऊ समजूत घालत होता. "भांड्याला बाई लावतो. तू बस की निवांत."

"बसून काय करू? तुझ्या टीव्हीतल्या सासवासुनांची भांडणं बघू?"

तो बाहेर गेल्यावर ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "हात चालतोय तवर ह्या घरात मला जागा हाय. काम गेलं की मी पाव्हणी." आप्पा, ती भांड्यांबद्दल बोलत नव्हती. मी तिथंच ठरवलं की मोरी उभ्यानं काम करायची होईल, आणि तिच्यात तुकडे बसणार नाहीत.

भावाचं म्हणणं, स्वयंपाकघरातला कडप्पा उरलाय, तो टाकू. "आक्का, मागं कोण बघायला येतंय?" शब्द त्याचे, आवाज तुमचा. मी त्या कडप्प्यावर सकाळी अर्धं लिंबू पालथं ठेवलं आणि दुपारी उचललं. खाली पांढरा डाग उमटला होता, घासून गेला नाही. तुम्हीच शिकवलेली परीक्षा. मग पर्समध्ये लिंबू टाकून वरवंडला हायवेवरच्या फरशी-सिंकच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, सरबत करताय व्हय?" वॉश एरियासाठी म्हटल्यावर त्यानं मागच्या बाजूला पडलेला माल दाखवायला सुरुवात केली. मी म्हटलं, पुढचा दाखवा. सिंकला लोहचुंबक लावून पाहिलं. पहिल्याला ते चिकटलं, ते सिंक परत ठेवून दिलं, कारण आपल्या पाण्यात ते गंजणार. दुसरं जाड पत्र्याचं, कळशी आडवी मावेल एवढं खोल. ते घेतलं.

घरी येऊन मी पडवीतल्या कट्ट्याकडं बोट केलं. भाऊ उभाच राहिला. "आप्पांची बैठक हाय ती! लोकं काय म्हणतील?" मी त्याला सांगितलं, त्या दगडावर इतकी वर्षं चहा सांडला, तंबाखूचा चुना पडला, त्यानं उन्हं खाल्ली, एक डाग दाखव. तो वाकून बघू लागला. मिळाला असता तर मी गप्प बसले असते. तरी तो हटेना. तुमच्या माघारी तेवढीच एक जागा राहिलीय, म्हणाला. तेव्हा आई काठी टेकत दारात आली.

"लई वर्सं बसून हाय त्यो दगड," ती म्हणाली. "आता लागू दे कामाला."

मापं घ्यायला आलेल्या मिस्त्रींना हसू आवरेना. शेवटी भाऊही हसला, पण दगड उचलताना त्यानं दुसऱ्या कुणाला तुमच्या बाजूला हात लावू दिला नाही. ओट्याची उंची आईच्या मापानं घेतली, तिच्या कोपराखाली चार बोटं. नेहमीच्या मापाचा ओटा तिच्या छातीला आला असता. सिंकसाठी कटर फिरला तो नेमका तुम्ही बसायचात त्या जागी. मी नजर वळवली नाही. तुमचा हात चांगला होता, दगडाची पारख पक्की होती, हे मी आजही कुणालाही सांगेन. पण चांगला दगड कुठं लागतो, ते तुम्हाला कळलं नाही. जिथं रोज पाणी पडतं, राख पडते, भांडं आपटतं, तिथं तो लागतो. बसायला लाकडी बाकडंही चाललं असतं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक कबूल करते. भावाला मी सांगितलं की वरवंडला मापाचा दगड मिळाला नाही. खोटं होतं ते. मिळाला होता, तेवढाच जाड, लिंबालाही टिकला. मला तो नको होता. मला तुमचाच हवा होता.

मिस्त्रींनी आठ दिवस ओट्यावर वजन टाकू नका म्हणून बजावलंय. आईनं दुधाचं करपलेलं पातेलं आत्ताच बाजूला काढून ठेवलंय. नवव्या दिवशी सकाळी ते ती आधी त्या दगडावर आपटणार आहे, चांगलं जोरात.