हात लांब होते म्हणून

माय, तुले याद नसणारच. मले हाक मारायची तर तू आधी भावाचं नाव घ्यायची, मग शेळीचं, आणि शेळीनं मान वर केली की मग कुठं तुले माह्यं नाव सापडायचं. म्हणून आधीच सांगून ठेवते, मी तुही मोठी लेक. आता तोंडात पाच दात आहेत, गुडघा पाण्यापावसाच्या आधी बोलते, आणि तुले जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. हे पत्र मी लिहून नाही राहिली. माही नात लिहून राहिली. मी बोलते, ती लिहिते. मी काय बोलली आणि तिनं काय लिहिलं हे मले कसं कळणार? तेच तर भांडण आहे माय, त्याच्यासाठीच तर हा कागद.

झालं असं. ही पोट्टी बुटीबोरीले कंपनीत जाते, आणि वर्ष संपत आलं की मोबाईलवर एक यादी टाकते. यंदा कुठं फिरली, कोणतं प्रदर्शन पाह्यलं, कोणतं गाणं ऐकलं, काय खाल्लं, किती पळाली. यंदा तिनं सगळीकडं मलेही संगं नेलं. म्हणून परवा प्रताप नगरच्या तिच्या घरी तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणे, "आजी, आता तुही यादी सांग." मी म्हटलं, लिही. समुद्र पुरीले पाह्यला. एवढं पाणी आणि घोटभर पिण्याजोगं नाही, अगदी माह्या मायच्या लाडासारखं. गाणं ऐकलं. एक बुवा तासभर आवाजच लावून राहिले, मी विचारलं सुरू कधी करतेत, तर नात म्हणे चूप आजी, हेच गाणं आहे. जेवण हॉटेलात झालं. तू हातावर पसरून उलट्या मडक्यावर टाकायची ती आपली लांब रोटी त्यायनं ताटलीत रुमालासारखी घडी करून आणली, आणि संगं रुमालही दिला, तो वेगळा. तिथवर आम्ही दोघी हसत होतो. मग ती म्हणाली, "आता प्रदर्शनाचं सांग," आणि माह्या अंगात आग शिरली. मी म्हटलं, फाड ती यादी. नवा कागद घे. माह्या मायले लिहायचं आहे.

प्रदर्शनात काय ठेवलं होतं सांगू? मडकं. आपलं रोटीचं उलटं मडकं, वं माय! पांढऱ्या भिंतीची थंडगार खोली, मधात पांढरा ओटा, वरून दिवा, आणि त्या उजेडात मडकं नवरीसारखं बसलेलं. खाली ना चूल, ना लाकूड. लोकं हात पाठीमागं बांधून त्याच्याभोवती फिरून राहिले, मान हलवून राहिले. मले राहवलं नाही. जवळ जाऊन बोट लावलं. बोट काळं झालं, पण काजळीनं नाही, रंगानं. काजळी कोरडी असते, फुंकली की उडते. हे चिकट. त्या मडक्यानं जिंदगीत जाळ पाह्यला नव्हता, कोणीतरी कुंचला घेऊन त्याले म्हातारं केलं होतं. तेवढ्यात तिथला पहारेकरी ओरडला, "ओ आजी, बोर्ड नाही वाचता येत काय? हात नाही लावायचा!" सगळ्या खोलीनं वळून पाह्यलं. मी म्हटलं, "नाही येत बाप्पा. बोर्ड नाही येत, मडकं येते वाचता. याच्या काठाले तडा आहे, पहिल्याच रोटीले फुटते हे." लोकं हसले. नात हसली. मीही हसली. पण बाहेर पायरीवर येऊन बसली आणि ते काळं बोट पदराले पुसत राहिली. ती पाटी मी आत जातानाच पाह्यली होती, माय. मले वाटलं, नक्षी आहे.

अजून ऐक. थंडीत नातीनं मले पळायच्या शर्यतीत घातलं, म्हाताऱ्या माणसांची, तीन किलोमीटर. पातळ खोचलं, पायात तिचे जोडे. तू पाह्यलं असतं तर म्हणाली असती, कोणाची कोंबडी चोरली इनं? अर्धं चालली, पण बाकीचं पळाली. मले पळणं शिकवलं कोणी? तूच. रोटी मडक्यावरून उतरली की फडक्यात गुंडाळून माह्या हातात, पाठीत थाप, आणि "थंडी झाली तर तुही खैर नाही." लकडगंजापर्यंत गिऱ्हाईकायले गरम पोचवत होती मी. रस्त्यात शाळा लागायची. आतून पाढ्यांचा आवाज यायचा, आणि मी त्याच्यावरून पळून जायची. तर शर्यत संपल्यावर त्यायनं मले एक जाड कागद दिला, सोनेरी काठाचा, त्याच्यावर माह्यं नाव. घरी येऊन मी कणकेची खळ केली आणि तो भिंतीले चिकटवला. येईल जाईल त्याले दाखवला. शेजारीण चहा पिऊन, वा वा करून गेली. पाचव्या दिवशी नात आली आणि दारातच थांबली. "आजी, हे उलटं लावलं वं." चार दिवस माह्यं नाव डोकं खाली पाय वर करून उभं होतं, आणि मी त्याच्याकडं पाहून खूश होत होती. नात म्हणे, काढून सरळ लावू. मी म्हटलं, राहू दे, आपल्या घरात मडकंही उलटंच असते. तिले हसवलं. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं, दोनदा.

आता सांग, मले शाळेत काहून नाही घातलं? पांढरं लुगडं नेसून तू दीक्षा घ्यायले त्या मैदानात गेली होती, मी तुहं बोट धरून होती, सात-आठ वर्षांची. शिकायचं, लेकींनाही शिकवायचं, हे तिथं सगळ्यायनं ऐकलं. तूही ऐकलं, रडलीही. घरी येऊन देव गाठोड्यात बांधून पाण्यात सोडले. आणि मग भावाच्या हातात पाटी, माह्या हातात परात. देव सोडता आले तुले, परात नाही सोडता आली? एक दिवस शाळेचे गुरुजी रोट्या न्यायले आले. म्हणाले, "बाई, इले काहून नाही पाठवत?" तू कणिक आपटता आपटता, मान वर न करता म्हणाली, "गुरुजी, इचे हात लांब आहेत." तळव्यापासून कोपरापर्यंत रोटी पसरेल असे हात आख्ख्या वस्तीत कोणाचे नव्हते. बस, एवढ्यावर माही शाळा संपली. हे मी जन्मभर लोकायले सांगत आली. लोकं चुकचुक करतात, तुले नावं ठेवतात. मले बरं वाटते.

इथं नातीनं पेन थांबवला. म्हणे, "आजी, मग गुरुजी काय म्हणाले?" शहाणी पोट्टी. आजवर कोणीच विचारलं नव्हतं. गुरुजी तुह्यावर नाही थांबले, माय. ते खाली वाकले आणि मले म्हणाले, "तूच सांग, येतं काय शाळेत?" आणि मी तुह्या लुगड्यामागून दोन्ही हात बाहेर काढून दाखवले, हे एवढे, आणि म्हटलं, "नाही. मले रोट्या करायच्या." तू म्हणाली, "झालं गुरुजी. तिनंच सांगितलं." हे मी कोणाले नाही सांगितलं. तुह्यापासून काय लपवणार, तू तर तिथंच होती.

पण म्हणून तू सुटली असं समजू नको. न्हायले नाही म्हटलं तर तू मले धरून न्हाऊ घालत होती. काढा नाही म्हटलं तर नाक दाबून पाजत होती. माह्यं "नाही" तुले कधीच ऐकू आलं नाही, आणि त्याच एका दिवशी बरे तुहे कान उघडले! कानाले धरून न्यायचं होतं वं मले. मी बोंबलली असती, तुले चावली असती, रस्त्यात लोळली असती. तरी न्यायचं होतं.

नात म्हणते, आता शिक, नावापुरतं तरी. मी नाही म्हटलं. तिनं ऐकलं नाही. माहा हात धरला, बोटात पेन कोंबला, आणि या कागदाच्या खाली माह्या नावाचं पहिलं अक्षर काढायले लावलं. मी लई शिव्या दिल्या तिले. अक्षर उभं आहे का उलटं, मले नाही माहीत, ती हसून राहिली फक्त. आता हा कागद काही टपालात पडत नाही, कणकेच्या डब्याखाली ठेवून देते. पण तुले काही पाठवायचंच असलं तर लांब रोटी पाठव. पहिली नको. मडकं तापलं का नाही पाहायले पहिली टाकायची, ती इकडून कच्ची तिकडून जळकी निघायची, आणि ती तू नेहमी मलेच द्यायची. या खेपेले ती तू खा. मले दुसरी पाठव, गरम.