बोकडाला वाढलेले धोंडे

मुक्काम येरमाळा,
अधिक महिन्यातला सोमवार

तीर्थरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे वैजनाथचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात का जोडलेत ते पुढं कळेल.) तुमचे गुडघे पुण्याच्या जिन्यांना सरावले असतील आणि अक्काला लेकाच्या फ्लॅटात करमत असेल, अशी आशा करतो. इकडं आई, वृषाली आणि मी खुशाल आहोत. तुमचा सरदारही आहे. त्याच्यापुढं 'खुशाल' मुद्दामच लिहिलं नाही. फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला कडाडला असता, पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

पुण्याला निघताना तुम्ही सरदारला आमच्या दावणीला बांधलंत आणि बजावलंत, की पाला-कडबा पोटभर, धान्य मात्र मूठभर. तुमच्या ईट गावातल्या सगळ्या शेळ्यांची भिस्त या एका बोकडावर, आणि त्याच्यावर तुमचं घर चालतं, हे मला ठाऊक होतं. पण तुम्ही त्याला ठेवून गेलात ते नेमकं धोंड्याच्या महिन्यात. या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे वाढायचे असतात आणि जावई तर पुण्याला. आईचा जीव तीन दिवस खालीवर झाला. चौथ्या दिवशी तिनं तोड काढली: जावई नाही तर जावयाचा बोकड आहे. मान कुठूनही गेला तरी पोचतो म्हणे.

मग सरदारला आंघोळ घातली, कुंकू लावलं, ओवाळलं, पाठीवर नवा टॉवेल टाकला (त्याचं एक टोक त्यानं तिथंच खाल्लं) आणि परातीत पुरणाचे धोंडे वाढले. आता येरमाळ्यात कुंकू लावलेला बोकड दिसला की लोक कंदुरीच्या, म्हणजे बोकड कापून जेवण घालायच्या, बेतात असतात. गल्लीतली चार माणसं येऊन जेवण किती वाजता म्हणून विचारून गेली. आईनं त्यांना हाकललं आणि एवढ्यांची नजर लागली म्हणून सरदारला आणखी वाढलं. एक दिवसाचा मान आठवडाभर चालला. सकाळी धोंडे, दुपारी भिजवलेली मका, संध्याकाळी पुन्हा धोंडे. वृषाली सासूला म्हणाली, की आता पाट मांडा आणि विडाही द्या. मी आईला तुमच्या मुठीची आठवण करून दिली, तर ती म्हणाली, "पाव्हण्याला मोजून वाढायचं व्हय रं?"

त्यातच पावसाळ्याआधीची लस टोचायला गुरांचे डॉक्टर गल्लीत आले. पाहुण्याला सुई टोचणं आईला अपमान वाटला. तिनं सरदारला माजघरात नेऊन वर गोधडी टाकली आणि घरात बोकड नाही म्हणून सांगितलं. गोधडी 'बेंऽऽ' करत होती, पण डॉक्टर भला माणूस, म्हाताऱ्या बाईशी कोण वाद घालणार म्हणून निघून गेला.

आठव्या दिवशी सरदार खाली बसला तो उठेना. पोट फुगलेलं, हगवण, दात खातोय, मान मागं टाकतोय. डॉक्टर धावत आले. म्हणाले, हा आंत्रविषार, ती लस याचीच होती. याचे जंतू काडीसारखे असतात, भिंगाखाली रंगवले की जांभळे दिसतात. धनुर्वाताचा आणि गुरांच्या फऱ्या रोगाचा जंतू यांच्याच भावकीतले. मातीत असतात, चांगल्या शेळीच्या पोटातही गुपचूप पडून असतात. पण वरून गोड आणि धान्य बदाबदा येऊ लागलं की उठतात, वाढतात आणि विष सोडतात. (जेवणाची पंगत दिसेपर्यंत आपली भावकी तरी कुठं उठते?) आईनं मान खाली घालून एवढंच सांगितलं, की पुरण घरचंच होतं.

सलाईन, इंजेक्शनं, पोटात औषध, सगळं झालं. करडू असतं तर उभ्या उभ्या गेलं असतं, हा पोक्त म्हणून निभावला. पण आख्खी दुपार आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "लेकीच्या घरचा आधार म्या माझ्या हातानं घालवला," असं पुटपुटत होती. दाजी, मला सरदारपेक्षा तिची जास्त भीती वाटली, हे खरं सांगतो. आता तो उभा राहतो, पाला खातो, पण निम्मा झालाय आणि आईच्या हातात परात दिसली की भिंतीकडं तोंड करतो. आपल्या घरात तिच्या आग्रहाला नाही म्हणणारा हा पहिलाच.

अक्काला नमस्कार. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा.

तुमचा,
वैजनाथ

ता. क. खरं काम हे आहे. आईनं तेव्हापासून गोडाला हात लावलेला नाही. तुम्ही फोन करून तिला एवढंच सांगा, की सरदारला हे दुखणं आधीपासूनच होतं. खोटं आहे, पण तुमच्या तोंडून आलं तर तिच्या जिवावरचा दगड उतरेल.

ता. क. दोन. पाकीट चिकटवायच्या आत आईनं वृषालीकडून सगळं वाचून घेतलं. तिचा निरोप जसाच्या तसा लिहितोय: "जावायानी तसं सांगावं, म्या खरं मानीन. पर महिना सरायच्या आत धोंडे खायाला स्वता यावं लागंल." तिनं डाळ भिजत घातलीये. दाजी, या आजाराची लस अजून जावयांसाठी निघालेली नाही. मी डॉक्टरांना विचारून घेतलंय.