अँटेनावरून झालेलं भांडण

दादा,

तुमची ही मुलगी तुमच्याशी तीसेक वर्षं एकाच गोष्टीवरून भांडते आहे, आणि त्यातली पहिली दोनच वर्षं तुम्ही होतात. बाकीची सगळी मी एकटीने भांडले. अँटेना शिकायला जाऊ नकोस, ते काम बंद पडणारं आहे, असं तुम्ही म्हणालात. मी गेले. त्यानंतर हातातलं प्रत्येक काम पुरं झालं की मनातल्या मनात तुम्हाला दाखवत राहिले, की बघा, चालू आहे की नाही. आज त्या भांडणाचा निकाल लागला, म्हणून लिहायला बसले आहे. छत्रीबागेतल्या आपल्याच घरात, आईच्या पलंगाच्या कडेवर. ती दुपारची पडली आहे आणि अर्ध्या डोळ्याने माझ्याकडे बघते आहे.

मिल बंद झाली तेव्हा मी शाळेत होते. तुम्ही साच्यांवर, त्या कापड विणणाऱ्या मागांवर, अख्खी उमर काढलेली. त्या खडखडाटात तुमचे कान गेले होते आणि घरीसुद्धा तुम्ही तोंडापेक्षा हातांनी जास्त बोलायचात. मिलीत सगळेच तसे बोलायचे, दुसरा इलाज नव्हता. काही महिने तुम्ही रोज जाऊन गेटवर बसलात, आज उघडेल, उद्या उघडेल म्हणून. मग एक दिवस सायकलच्या दांडीला ॲल्युमिनियमचे पाइप बांधले आणि लोकांच्या गच्चीवर टीव्हीचे अँटेना लावायला निघालात. बाकीचे लोक हे काम ओरडून करतात. गच्चीवरून ‘आला का’, खालून ‘नाही’. तुम्हाला खालचं ऐकूच यायचं नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी मला बरोबर न्यायचात. मी अंगणात अशा जागी उभी राहायचे, की खिडकीतून टीव्ही दिसेल आणि वर तुम्हीही दिसाल. मग आपलं मिलीच्या खुणांवर चालायचं. दोन बोटं जुळवून झटक्यात वेगळी केली की मिलीत अर्थ व्हायचा धागा तुटला. आपल्याकडे, चित्र तुटतंय. पालथा हात म्हणजे साचा ठीक चाललाय, आता हात लावू नका. पलासियाच्या एका बंगल्यातले गृहस्थ तुम्हाला म्हणाले होते, ‘भिया, ये क्या चल रिया है, छोरी गूंगी है क्या?’ तुम्हाला ते ऐकू आलं नाही. मला आलं, आणि मी इतकी चिडले की मुद्दाम थोडा वेळ पालथा हात दाखवलाच नाही. तुम्ही आपले वर उन्हात अँटेना फिरवताय.

लोकांना वाटतं मला या विषयाची गोडी तुमच्यामुळे लागली. भाषणात ऐकायला बरं वाटतं ते. पण तुम्हाला त्यात काडीची गोडी नव्हती, दादा. जितका मोठा अँटेना तितका चांगला, एवढंच तुमचं शास्त्र. एकदा तर तुम्ही त्याच्यामागे आईची परात बांधली होती आणि संध्याकाळी कणीक मळायला परात सापडेना. लाटेच्या लांबीप्रमाणे दांड्या कापाव्या लागतात, मोठ्या करून फायदा नाही, असं मी पुस्तकात वाचून सांगितलं तर म्हणालात, ‘गिऱ्हाइकाला मोठा दिसला पाहिजे.’ गोडी मला लागली ती माझी मला. तुम्ही वर बोटभर वळवायचात आणि इकडे बातम्या देणाऱ्या बाईच्या दोन बायका झालेल्या असायच्या, त्या पुन्हा एक व्हायच्या. नुसती धातूची दांडी, ना तिला वीज जोडलेली ना काही, आणि तरी ती हवेतून नेमकं काय उचलते, हे मला कळायलाच हवं होतं.

मग केबल आली. गल्लीगल्लीतून या घरावरून त्या घरावर काळ्या वायरी लोंबायला लागल्या, आणि ज्यांच्याकडे तुम्ही अँटेना चढवले होते तेच तुम्हाला ते उतरवायला बोलवायला लागले. तुम्ही जायचात. उतरवलेले अँटेना आपल्या मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेले, त्यावर आई पापडाची फडकी वाळत घालायची. त्याच पावसाळ्यात माझं इंजिनीअरिंग संपलं, बँकेची परीक्षा पास झाले, आणि बाहेरगावी अँटेनावर पुढचं शिकायला प्रवेशही मिळाला. दोन्ही एकदम. मी स्वयंपाकघरात सांगायला येते तेव्हा तुम्ही पाटावर बसून भुट्टे, मक्याची कणसं, किसताय, संध्याकाळी त्याचा कीस परतायचा म्हणून. मी तुमच्या समोर बसून सावकाश बोलते, म्हणजे तुम्हाला ओठ वाचता येतील. ‘अँटेना’ म्हटल्यावर तुमचा हात थांबतो. तुम्ही दाराबाहेर, त्या भिंतीकडे बघता.

‘घरात एक मिल बंद पडली ती पुरे झाली नाही का?’ तुम्ही म्हणालात. ‘बँकेला कुलूप लागत नाही.’

मी म्हटलं, हे ते अँटेना नाहीत, दादा. तुम्ही म्हणालात, ‘सगळे तेच असतात. लोकांना लागतात तोवर असतात.’ आणि परत किसायला लागलात. आई मध्ये पडायला गेली तर तिलाही हातानेच गप्प केलंत. मी उठले आणि म्हणाले, मी जाणार. पाठमोरी म्हणाले, म्हणजे तुम्हाला ते कळलंसुद्धा नसेल. आईने नंतर सांगितलं असणार. स्टेशनवर तुम्ही आलात, ट्रंक उचललीत, गाडी सुटेपर्यंत उभे राहिलात. ‘जा’ काही म्हणाला नाहीत. दुसऱ्या वर्षी भावाचा फोन आला, मी निघाले, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर काय काय झालं ते तुम्ही पाहिलं नाही याची मला फार चुटपुट लागायची. वायरी उतरल्या, दादा. लोकांच्या खिशात फोन आले आणि प्रत्येक फोनच्या पोटात अँटेना. आता मी जे बनवते त्यात एक मोठी दांडी नसते, लहान लहान पट्ट्यांची ओळ असते आणि तिला वळवायला कोणी गच्चीवर चढत नाही. अनंत चतुर्दशीला मिलीच्या झांकीपुढे, त्या दिव्यांच्या चित्ररथापुढे, आखाड्यातल्या माणसांची ओळ चालायची ना, तसं समजा. एका टोकाच्या माणसाने पाऊल टाकलं, शेजारच्याने जरा थांबून टाकलं, त्याच्या शेजारच्याने आणखी जरा थांबून, तर अख्खी ओळ तिरकी होते आणि मोर्चा वळतो. आम्ही पट्ट्यांना तसंच एकामागून एक थांबवतो आणि लहर हवी तिकडे वळते. काल इथून जवळच, सिमरोलच्या कॉलेजात, बाहेरची लहर आत येत नाही अशा प्रयोगशाळेत, आमची नवी ओळ तपासली. मी म्हणाले होते तिकडेच, अगदी तिकडेच वळली. बरोबरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आणि आज सकाळी पुण्याहून माझ्या कंपनीचा फोन. कालची चाचणी शेवटची. आमचा विभाग बंद होतोय, डिझाइन यापुढे बाहेरून तयार घेणार. साहेब माझ्या भाच्याच्या वयाचा, फार अदबीने बोलला. मी ‘ठीक आहे’ म्हटलं आणि आईसमोर येऊन उभी राहिले. ती म्हणाली, ‘काय गं, तुझ्या दादांसारखं तोंड करून का उभी आहेस?’ सांगितलं तर म्हणाली, ‘गेली तर गेली. मटार निवडायला बस, टाइमपास होईल.’ मी बसले. आणि शेंगा सोलता सोलता मला तुमचं ते गेटवर बसणं पहिल्यांदा समजलं. नोकरी जाते त्याचं एवढं नाही हो. आपल्याला इतकं चांगलं येतं आणि ते कुणाला नकोय, याचं काय करायचं ते सुचत नाही. तुमच्या वाट्याला हे दोनदा आलं. तुम्ही मला त्यातून वाचवायला बघत होतात, एवढं साधं माझ्या डोक्यात शिरायला हा फोन यावा लागला.

तुमचं खरं झालं, दादा. उशिरा झालं, पण झालं.

हे कागद मी आईला वाचून दाखवणार नाही, ती दहा जणांना सांगेल. जाताना बॅगेत टाकून नेईन. फक्त एक गोष्ट राहिली. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात आले तेव्हा मला स्वतःलाच बँकेत जावंसं वाटत होतं. फार भीती वाटत होती. तुम्ही ‘जा, बाळ’ म्हणाला असतात तर मी रडले असते आणि इथेच राहिले असते. तुमचा राग आला म्हणून मला जाता आलं.