अंगठ्यापर्यंत चटई

सावाईई बेट, ११ सप्टेंबर

लाडक्या मोएलागीताई,

तुला, भावोजींना आणि मुलांना धाकट्या वाओसाची घट्ट मिठी. इथे देवदयेने सगळं ठीक. डुकरिणीला सात पिल्लं झाली. पाळकबाईंनी चर्चच्या पडद्यांसाठी पुन्हा तोच भयाण जांभळा रंग निवडला. ऑकलंडची थंडी सरली का? छातीला नारळाचं तेल चोळत जा.

मागच्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "विणायला जातेस ना गं?" मी म्हटलं, "तिथेच आहे, ऐक." बायकांचं गाणं ऐकून तू रडलीस. ताई, तो रेडिओ होता.

साखरेच्या आजाराने पाय कापल्यापासून सात महिने मी चटया विणायच्या घराकडे फिरकले नव्हते. नकली पाय पलंगाखाली पिशवीत पडून आहे. पंधरवड्याला नर्स येते, झोप लागते का, रडू येतं का विचारते. मी "छान चाललंय" म्हणते आणि तिला कोको पाजते.

कारण सांगते, हसू नकोस. गुडघ्याखाली चार बोटं सोडली तर उजवा पाय नाही. पण मला तो अजून जाणवतो. बोटं जळतात, अंगठा मुरगळतो. मांडी घालता येत नाही म्हणून तो सदा समोर पसरलेला. मोठ्यांसमोर पाय पसरले की आई झाडूच्या काडीने कशी फोडून काढायची! पसरायचेच तर वर चटई टाकून झाकायचे. आता नसलेला पाय झाकायला कुणाकडे चटई मागू? वेडी म्हणतील, म्हणून घरातच राहिले.

गेल्या सोमवारी लेमाऊ मावशी दारात उभी. सत्तरी आली, आवाज तसाच. अरवीचे कंद वाहायची एकचाकी ढकलगाडी घेऊन आली होती.

"बस."

"मावशी, मी काय कंद आहे?"

"कंद एवढी कुरकुर करत नाहीत."

सगळ्या गावातून ढकलत नेलं मला. कोंबड्यासुद्धा बघत होत्या.

आत बायका मांडी घालून विणत बसलेल्या. मी बसले आणि तो पाय सरळ पाळकबाईंच्या तोंडासमोर गेला. तोंडातून निघूनच गेलं, "माफ करा हं, माझा पाय..."

सगळे हात थांबले. तिथे पाय नव्हता, ताई. नुसती जमीन होती.

मावशी उठली. एक चटई घेतली, माझ्या मांडीवर टाकली आणि खाली पसरत गेली. गुडघा संपला, तरी पुढे. रिकाम्या जागेवरून हात फिरवून तिने चटई सारखी केली.

"पुरली का?"

मी खरं ते सांगितलं. "अंगठा बाहेर आहे."

तिने आणखी वीतभर ओढली. पाळकबाई म्हणाल्या, "हिचे पाय पहिल्यापासूनच लांब!" आणि अशा हसल्या सगळ्या! मीही. हसता हसता रडले. जळजळ थांबली नाही, पण लाज गेली.

एक खरं बोलले तरी कुणी वेडी म्हटलं नाही, म्हणून परतताना ढकलगाडीत दुसरंही बोलले. तुला वर लिहायला धीर झाला नव्हता. मे महिन्यापासून मी साखरेच्या आजाराची गोळी घेत नव्हते. विसरत नव्हते, ताई.

मावशीने गाडी थांबवली. "मरायचं होतं?"

"ठरवलं नव्हतं. आलं असतं तर चाललं असतं."

ती रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसली. बराच वेळ माझा हात सोडेना. मग ओरडली, "आणि मला विचारलं नाहीस? तुला न्हाऊमाखू मी घातलंय!"

दुसऱ्या दिवशी नर्स आली, तिलाही सांगितलं. तिने कोको न पिता सगळं ऐकून घेतलं. कापलेला पाय म्हणे असा पुष्कळांना जाणवतो. मनासाठीही एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवणार आहे. रोज सकाळी मावशी पाण्याचा पेला घेऊन येते आणि मी गोळी गिळून तोंड उघडून दाखवेपर्यंत हलत नाही.

आज पाचवा दिवस. याहून मोठं वचन तुला देत नाही. फोनवर मला 'कशी आहेस' विचारू नकोस, त्याला मी 'छान' म्हणून मोकळी होते. 'आज घेतलीस का?' एवढंच विचार. नाही घेतली तर नाही म्हणेन. तेव्हा रागाव, पण फोन ठेवू नकोस.

आज घेतली आहे.

तुझीच,
वाओसा