धाकट्या गौरीचा चेहरा

१० ऑगस्ट, रविवार

बोलून बसले. आणि आता परत घेणार नाही!

झालं असं — शुभदाताईंकडे गौरींच्या तयारीसाठी सगळ्या जमलो होतो. ऑस्ट्रेलियातल्या या कालगुर्लीत मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. गणपती ज्याचा त्याच्या घरी, पण गौरी मात्र एकट्या शुभदाताईंच्या. ताईंच्या यजमानांनी, विलासरावांनी, गॅरेजमधून मुखवट्यांचं खोकं खाली काढलं आणि त्यातली धाकटी सटकून फरशीवर. चक्काचूर! ताई मटकन खालीच बसल्या. सासूबाईंनी दिलेली जोडी ती. पुण्याहून नवा मुखवटा मागवायचा तर वेळेत पोचेल याची खात्री नाही.

तेव्हा चिन्मयी म्हणाली, मी करते. ही हॉस्पिटलमधली नवी फिजिओ, सुट्टीच्या दिवशी मातीकाम करते. "पण मनाने नाही जमणार मला. कुणीतरी समोर बसायला हवं."

मग जे काय सुरू झालं! "छे गं, माझं नाक बघ!" "माझे गाल घेतलेस तर देवी नुकतीच जेवून उठल्यासारखी दिसेल." "स्वरदा, तू बस, तू गोरी आहेस." "अय्या, मी नाही हं!" जी ती आपलं तोंड लपवून दुसरीला पुढे ढकलत होती. मी बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हटलं, "मी बसते. मी सुंदर आहे."

आत कुकरची शिट्टी झाली, तेवढीच.

शुभदाताई हळूच म्हणाल्या, "देवयानी, देवीचा मुखवटा करायचाय गं."

"म्हणूनच तर," मी म्हटलं.

गाडीत माझ्या नवऱ्याला, नचिकेतला, हसू आवरेना. "घेतलीस आपलीच लाल करून! अगं, गौर पांढरी-गुलाबी असते. तू सावळी!" मागून लेक तनया कानातले इअरफोन काढून म्हणाली, "मम, यू कान्ट जस्ट से दॅट. नोबडी सेज दॅट." पंधरा वर्षांची आहे. फोटो काढला की आधी त्यात स्वतःला दोन छटा उजळ करते. मला दिसतं ते. तिला वाटतं दिसत नाही.

११ ऑगस्ट

ग्रुपवर शुकशुकाट. एरवी गुलाबाच्या फुलांवरचे सुविचार थांबता थांबत नाहीत.

१३ ऑगस्ट, बुधवार

दिवसभर सोन्याच्या खाणीत. डोक्यावर हेल्मेट, अंगात नारिंगी जाकीट, तोंडभर लाल धूळ — आणि तरीही देवयानीचं डेव्ह करून टाकणारा सोबतचा गॅझ म्हणाला, "लुकिंग गुड टुडे, डेव्ह!" मी म्हटलं, "आय नो, मेट." तो खदखदून हसला. पण शेजारचा क्रेग पुटपुटला, "बिट अप हरसेल्फ, इजन्ट शी?" म्हणजे बाई जरा जास्तच शेफारलीय. इकडचे लोक मोकळे, हा आपला गोड गैरसमज!

खाणीत खालपर्यंत स्वच्छ हवा पोचवायची, हे माझं काम. त्याचं गणित बरोबर आलं आणि मी "माहीत होतं मला" म्हटलं, तर कुणाचंच काही बिघडत नाही. चेहऱ्याबद्दल तेच म्हटलं की बिघडतं. बाईला सुंदर म्हणायचा हक्क सगळ्या जगाला, फक्त तिला स्वतःला नाही.

आत्या म्हणायची, "रंगाने मार खाल्लाय पोरीने, पण नाकीडोळी नीटस आहे." मार कुणी खाल्ला? मी नाही! कॉलेजात असताना एका दुपारी दार लावून घेतलं आणि स्वतःला नीट पाहिलं — कडक मास्तरांनी पेपर तपासावा तसं. भुवया, डोळे, हनुवटी, हा रंग. काही कमी सापडलं नाही. त्या दिवशी तो प्रश्न मी मिटवून टाकला. आता सत्तेचाळीस वर्षांची आहे. पुन्हा उकरून काढायची गरज वाटलेली नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

चिन्मयीकडे बसून आले. मागच्या शेडमध्ये, अंगावर शाल, पायाशी हीटर. थंडी मरणाची. समोर ओल्या मातीचा गोळा. ती बोटांनी माझ्या कपाळाचं माप घेते, मग मातीवर टेकवते. तिचं बोलणं मात्र डॉक्टरांसारखं!

"देवयानीताई, तुझा डावा गाल उजव्यापेक्षा किंचित खाली आहे."

सत्तेचाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जरा लागलं. मग म्हटलं, असू दे, तिकडून बघणाऱ्याला तेवढंच वेगळं दिसेल.

"भुवयांमधली ही रेघ? ठेवू की काढू?"

"ठेव. फुकट नाही आलेली."

"आणि रंग?" हे विचारताना ती मातीकडेच बघत होती. "म्हणजे... गौरीला गोरा रंग देतात ना सगळीकडे."

"भाजल्यावर मातीचा जो येईल तो."

"तो तुझाच येईल," ती म्हणाली. आणि हसली. आवडली मला ही मुलगी!

१९ ऑगस्ट

स्वरदाचा फोन. "तुला सांगू की नको असं झालंय..." असं म्हणणारा माणूस सांगितल्याशिवाय कधी राहत नाही. शुभदाताई म्हणाल्या म्हणे, "आम्ही हात देवीपुढे जोडायचे की देवयानीपुढे?"

चरचरलं. कारण प्रश्न खोटा नाही. संध्याकाळभर तोच डोक्यात. कपडे वाळत घालताना, तनयाच्या डब्याची भाजी चिरताना.

पण मग फुटलेल्या मुखवट्याचा चेहरा कुणाचा होता? आभाळातून तर पडला नसेल. घडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी असणारच — बायको, बहीण, गल्लीतली एखादी मुलगी. तिच्यापुढे आपण इतकी वर्षं हात जोडलेच की. फरक एवढाच, की तिने कुणाला सांगितलं नाही. मी सांगितलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

शुभदाताईंनी स्वतः फोन केला. आवाज गोड. मला गोड आवाजाचीच भीती वाटते.

"हे बघ, मुखवटा ठेवायला माझी ना नाही. चिन्मयीने मेहनत घेतलीय. फक्त तू सगळ्यांसमोर एवढं म्हण, की मी गंमत केली होती. की कुणी बसेना म्हणून बसले. विषय संपला."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर यंदा थोरली एकटी. धाकटीच्या जागी तांब्या मांडीन. पण हे असं... मला नाही गं जमणार."

किती सोपं होतं! एक वाक्य. आणि या बाईचं मी काय काय देणं लागते! तनया झाली तेव्हा आईचा व्हिसा आला नाही. याच ताई येऊन राहिल्या होत्या. डिंकाचे लाडू, बाळाला तेल-पाणी, माझी रडारड, सगळं यांनी निस्तरलं. या गावात मला माहेर असेल तर ते यांचं घर. तेच जाईल की काय? ओठांवर आलंच होतं — हो ताई, गंमत केली.

पण तनया समोर टेबलाशी बसली होती. गृहपाठ करण्याचं नाटक करत. पेन थांबलेलं.

"गंमत नव्हती ताई," मी म्हटलं. "मला खरंच तसं वाटतं."

त्यांनी फोन ठेवला.

बाथरूममध्ये जाऊन रडले. रडताना आरशात पाहिलं — तरीही छान दिसत होते! हे मात्र कुणाला सांगायची सोय नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

भट्टीतून निघाला! चिन्मयी टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला.

काय सांगू. मी आहे, आणि मी नाहीही. रंग भिजल्या मातीचा. डोळे अर्धे मिटलेले. भुवयांमधली रेघ आहे, पण तिथे ती काळजीची वाटत नाही, विचाराची वाटते. डावा गाल किंचित खाली. सुंदर आहे. माझा आहे म्हणून नव्हे... बरं, माझा आहे म्हणूनही!

नचिकेत इतका थट्टेखोर माणूस, पण खुर्ची ओढून समोर बसून राहिला. मग म्हणाला, "मी रोज हे बघतो?" मी म्हटलं, "बघतोस कुठे!"

तनया सगळे उठून गेल्यावर आली. मुखवट्याच्या नाकावरून बोट फिरवलं. मग स्वतःच्या. "शी'ज गॉट माय नोज," म्हणाली आणि खोलीत निघून गेली. दार आपटलं नाही. सध्या आमच्या घरात ही मोठीच गोष्ट.

२७ ऑगस्ट

आमचा गणपती बसला. मोदक फुटले. शुभदाताई दरवर्षी येतात, आल्या नाहीत. विलासराव एकटेच आले, चार मोदक खाल्ले आणि हवेबद्दल बोलून गेले.

३१ ऑगस्ट, रविवार

गेले. न बोलावता गेले! नचिकेत म्हणाला, कशाला अपमान करून घेतेस? म्हटलं, माहेरी जायला आमंत्रण लागत नाही. हिरवी पैठणी, नथ, अंबाडा, सगळं घातलं. पडेल चेहऱ्याने जायचं तर घरीच बसलेलं काय वाईट?

सगळ्या होत्या. दारापासून देवापर्यंत कुंकवाची पावलं काढलेली. थोरली बाहेर तुळशीपाशी, स्वरदाच्या हातात. आणि खरंच, आत मखरात एक साडी नेसवलेला तांब्या! बघून गलबलून आलं. चिन्मयी मुखवटा घेऊन माझ्या मागे उभी, लाल फडक्यात झाकलेला.

शुभदाताई हातात दूध-पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात आल्या. स्वरदाचे पाय धुतले, थोरलीला आत घेतलं. आता दार लावतील, असं मला वाटलं. नाही लावलं. चिन्मयीसमोर थांबल्या. स्वतः फडकं बाजूला केलं.

पाहत राहिल्या. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मग म्हणाल्या, "तिला उंबऱ्यात किती ताटकळत ठेवायचं? पाय पुढे कर, मुली."

पाय धुतले. विचारलं, "गौर आली कशाच्या पावलांनी?"

"सोन्याच्या पावलांनी!" सगळ्या एकदम ओरडल्या. मागून विलासराव म्हणाले, "कालगुर्लीत आणखी कशाच्या येणार?" आणि हशा पिकला. मी पण हसले. नथ सारखी करायच्या निमित्ताने डोळे पुसले.

मी गंमत केली, असं म्हणायला मला कुणी सांगितलं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

पूजन. सुट्टी टाकली. पुरणपोळी, सोळा भाज्यांपैकी इथे मिळाल्या तेवढ्या. हळदीकुंकवाला येणारी प्रत्येक जण आधी गौरीकडे बघायची, मग माझ्याकडे, मग घाईने जमिनीकडे! स्वरदा कुजबुजली, "खरंच गं सुंदर आहे... म्हणजे, गौर." म्हटलं, "दोन्ही म्हण, चालेल."

शुभदाताईंनी धाकटीला कुंकू लावलं, मग मला. लावताना दबक्या आवाजात म्हणाल्या, "फार हसू नकोस. चढेल तुला."

"चढलेलीच आहे ताई."

त्यांना हसू आलं. पदराने लपवलं, पण आलं.

२ सप्टेंबर

गौरी गेल्या. दोन्ही मुखवटे ताईंनी जुन्या साडीत गुंडाळून, आता घरात, कपाटात ठेवले. गॅरेजमध्ये नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

सकाळी शुभदाताईंचा फोन. इकडचं तिकडचं झालं. मग हळूच विचारलं,

"थोरली गौर वयाने मोठीच असते ना गं?"

"हो, म्हणजे काय."

"चिन्मयीला विचारलंय मी, थोरलीही घडवशील का म्हणून. दुपारी बोलावलंय तिने." मग घाईघाईने, "तू येशील का सोबत? मला एकटीला बसायची लाज वाटते."