चौथं बोट

प्रिय किडूक,

चौतीस वर्षांच्या माणसाला किडूक म्हणू नये, असं तुझी आई परवा पुन्हा म्हणाली. मग काय डॉक्टरसाहेब म्हणू का, असं मी विचारलं, तर तिनं फोन आपटला. राग माझ्यावर नव्हता, तुझ्यावर होता. मी फक्त हाताशी सापडले. कॉलेजच्या कायम नोकरीचं पत्र येऊन तीन आठवडे झाले, तीस तारखेच्या आत होकार कळवायचा आहे, आणि तू नकार कळवून तिसरा हिवाळा त्या मांजराच्या मागे डोंगरात काढणार आहेस, एवढं तिनं मला एका दमात सांगितलं. तिच्या मते तुझं डोकं फिरलं आहे आणि ते ताळ्यावर आणायचं काम मावशीचं, कारण फिरवलंही मावशीनंच. पहिल्या गोष्टीबद्दल मी काही बोलत नाही. दुसरी खरी आहे.

आधी इकडची खबरबात. संग्रहालयाचं बालदालन आहे तसंच आहे, फक्त खिडकीच्या बाजूला नवे दिवे लावलेत, त्यामुळे अस्वल आजारी दिसतं. रविवारचा वर्ग चालू आहे. गेल्या खेपेला सत्तावीस मुलं होती. आधी ओळख, मग आकडा, हा माझा नियम तुला पाठच आहे: प्राणी कसा चालतो, काय खातो, कशाला घाबरतो हे मुलांनी करून दाखवायचं, आणि तो ओळखीचा झाला की मगच कार्ड उलटून जगात किती उरलेत ते वाचायचं. उडता न येणाऱ्या त्या गुबगुबीत पोपटाची पाळी होती. अडीचशेच्या आसपास उरलेत आणि जवळजवळ प्रत्येकाला नाव ठेवलंय, असं सांगितल्यावर एका मुलीनं मग हजेरी घेतात का म्हणून विचारलं. घेतात म्हटलं, जवळपास तसंच. खवल्या मांजराच्या वेळी सगळ्यांनी जमिनीवर अंगाची गुंडाळी केली आणि त्यातली सहाजणं काही केल्या उलगडेनात. पालक आले तेव्हा तशीच उचलून नेली. समुद्रातल्या त्या सगळ्यात छोट्या शिंशुकाच्या कार्डावर आकडा मात्र मी यंदा पेन्सिलीनं लिहिलाय. दहाच्या आतबाहेर आहेत. छापून येईपर्यंत बदलायचा.

याच दालनात तू वाढलास म्हटलं तरी चालेल. तुझ्या आईची इस्पितळात रविवारची पाळी असायची, त्यामुळे सकाळी ती तुला माझ्याकडे छत्रीसारखी ठेवून जायची आणि संध्याकाळी आठवणीनं घेऊन जायची. देवमाशाच्या मणक्यावर बसून तू डबा खायचास, शहामृगाच्या अंड्याला कान लावायचास, आणि वर्गात तुझ्याइतका त्रासदायक विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही. तुला नेहमी आकडा आधी हवा असायचा. गेंडे किती, वाघ किती, ओरांगउटान किती. आकडा मोठा असला की तुझा त्या प्राण्यातला रस संपायचा. कमी असला की तू त्याच्यासाठी काहीतरी करायला निघायचास. पांढऱ्या अस्वलासाठी तू तुमच्या घरच्या फ्रीजचं दार उघडं ठेवलं होतंस, ते तुझ्या आईनं अजून तुला माफ केलेलं नाही.

तू नऊ वर्षांचा असताना धुरकट मांजराचं कार्ड निघालं. उत्तरेकडच्या डोंगरातलं, लहानखुरं, शेपटी अंगापेक्षा जड. त्या दिवशी पहिल्यांदाच तू आकडा विचारला नाहीस. अर्धा तास तू दालनभर चार पायांवर त्याच्यासारखा फिरलास, दगडावरून दगडावर पाय न वाजवता, आणि इतकं चांगलं केलंस की बाकीची मुलं गप्प बसून बघत राहिली. मग तूच कार्ड उलटलंस. मागे आकडा नव्हता, काळी चौकट होती आणि एकच शब्द, नामशेष. त्याचा अर्थ तू विचारलास, मी सांगितला. तेव्हा मी सगळ्या मुलांना खरं तेच सांगायची, आणि चेहरा कोरा ठेवून सांगायची. त्याचा मला जरा अभिमानही होता. तू टेबलाखाली गेलास. रडलाही नाहीस धड. दालन बंद व्हायची वेळ झाली तरी बाहेर येईनास, शेवटी तुझ्या आईनं तुला पाय धरून ओढून काढलं. पुढचे चार दिवस तू नीट जेवला नाहीस, असं ती मला रोज फोन करून सांगत होती, जणू ते मांजर मीच मारलं होतं.

पुढच्या रविवारी मी तुला तो ठसा दाखवला. प्लास्टरचा, तळहाताएवढा. म्हटलं, वनरक्षकानं आणून दिलाय, ओढ्याकाठच्या ओल्या वाळूत सापडला, म्हणजे ते मांजर अजून आहे, एखाददुसरं का होईना, आहे. तू तो दोन्ही हातांत धरलास आणि खरंच आहे का म्हणून विचारलंस. मी हो म्हटलं. त्या दिवशी तू सगळा डबा खाल्लास, वर माझाही खाल्लास. नंतरचं सगळं तुझं तुलाच माहीत आहे. शाळेतला प्रकल्प, पदवी, प्रबंध, त्या ठशाची गोष्ट सांगून सुरू होणारी तुझी भाषणं. मी एका भाषणाला मागच्या रांगेत बसले होते. लोक डोळे पुसत होते. मी लवकर उठले, गुडघे दुखतात असं तुला सांगितलं. गुडघे तेव्हा बरे होते.

तुझा प्रबंध मी दोनदा वाचलाय, तुझ्या मार्गदर्शकानं एकदा तरी पूर्ण वाचला असेल की नाही, शंका आहे. त्यातलं ठशाचं प्रकरण तर मला तोंडपाठ आहे. पुढच्या उजव्या पंजाच्या चौथ्या बोटाची गादी नीट उमटलेली नाही, यावरून तू किती पानं लिहिलीस! मादी असावी, फासात बोट गमावलं असावं, तरी सावरली असावी, पिल्लंही झाली असावीत. तिला तू थोटी म्हणतोस, आणि हल्ली आम्ही दोघी बहिणीही तिच्याबद्दल एखाद्या दूरच्या नातेवाइकासारखं बोलतो. तुझ्या आईला तिचा राग आहे, पण थंडी पडली की थोटीचं कसं होत असेल, हेही तीच विचारते. दोन हिवाळ्यांत तुझ्या चाळीस कॅमेऱ्यांनी कोल्हे टिपले, ससे टिपले, कुणाची तरी चुकलेली शेळी टिपली आणि दर आठवड्याला तुझी पाठ टिपली. दहा पुरावे घेऊन तू निघाला होतास. केस कुत्र्याचे निघाले, विष्ठा कोल्ह्याची, मेंढपाळाचं फोटोतलं मांजर घरचं. नऊ गळले. तू मागच्या पत्रात लिहिलंस, की उरलेला एकच नऊंना भारी आहे, कारण त्याची संग्रहालयात रीतसर नोंद आहे, क्रमांक बावीसशे अठरा. ते पत्र मी उशीखाली वगैरे ठेवलं नाही. कपाटात ठेवलं, वर दोन रजया ठेवल्या.

आता मुद्द्याचं, किती वेळ इकडचं तिकडचं सांगत बसू. संग्रहालयातल्या सगळ्या जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवायचं काम चाललंय. त्यासाठी एक मुलगी आलीय, चष्मेवाली, शांत, भयंकर नेमकी. गेल्या गुरुवारी ती माझ्या टेबलाशी वही उघडून उभी राहिली. बावीसशे अठराची नोंद तुमच्या अक्षरात आहे, म्हणाली, आणि कोणाकडून मिळाले या रकान्यात नुसतंच वनरक्षक लिहिलंय, नाव काय होतं त्यांचं? मी म्हटलं, बघून सांगते. सोमवारपर्यंत सांगा, म्हणाली. पंचवीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तज्ज्ञ येऊन गेले, त्यांनी भिंगातून बघितलं, मापं घेतली, पंजा याच जातीचा आहे असं लिहून दिलं. बरोबरच लिहिलं. ती मुलगी गेल्यावर मी तळघरातल्या कोठारात गेले, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, शेवटच्या कपाटाशी, आणि खालचा खण ओढला. त्या खणात काय आहे हे मला न बघताही माहीत होतं, तरी बघितलं.

किडूक, वनरक्षक कुणी नव्हता. त्या खणात पेंढा भरलेलं एक धुरकट मांजर आहे, शंभर वर्षांपूर्वीचं, आणि तुझी थोटी ती. तिच्या चौथ्या बोटाला कसर लागली होती, पेंढा भरणाऱ्यानं तिथं मेण भरून वेळ मारून नेली होती. तू चार दिवस जेवत नव्हतास त्या आठवड्यात, बिस्किटांच्या डब्यात ओली वाळू घेऊन मी तो पंजा त्यात दाबला आणि वर प्लास्टर ओतलं. बोट नीट उमटलं नाही, पण दुसऱ्यांदा करायला प्लास्टर उरलं नव्हतं. तुला दाखवून फेकून द्यायचा होता. पण नोंद नसलेली वस्तू इमारतीत ठेवायची नाही हा नियम, कोठारवाले काका त्या नियमाचे पक्के, त्यांनी टेबलावर ठसा बघितला आणि वही पुढ्यात आणून ठेवली. तू शेजारी उभा होतास, म्हणून तुला सांगितलं होतं तेच मी रकान्यांत लिहिलं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या खोट्याला क्रमांक मिळाला. एवढं मी स्वतःला माफ करते, मूल उपाशी होतं. पण चोवीस वर्षांचा झाल्यावर तू ती नोंद शोधून काढलीस, मला फोन करून पुन्हा विचारलंस, आणि मी नोंदीत आहे तेच, असं म्हणाले. तेव्हा लहान मुलाशी नव्हते बोलत मी. तुझ्या आवाजात इतका आनंद होता की माझी जीभ वळली नाही, आणि त्या भित्रेपणापायी तू दोन हिवाळे बर्फात काढलेस. याची मला लाज वाटते, आणि तू माझ्याशी बोलणं सोडशील याची भीती वाटते. सोमवारी सकाळी मी त्या मुलीला खरं सांगणार आहे, नोंदीवर माझ्याच अक्षरात शेरा मारणार आहे, आणि त्याची प्रत तुला संग्रहालयाकडून रीतसर येईल. कार्यालयाच्या पाकिटातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. तुझ्या आईला यातलं काही ठाऊक नाही आणि हे मी तिच्या सांगण्यावरून लिहिलेलं नाही. नोकरी घे असं मी म्हणत नाही. ते मांजर तिथे नाहीच, असंही मी म्हणत नाही. मला माहीत नाही, आणि तेव्हाही माहीत नव्हतं. डोंगरात जायचं तर जा, बाळा. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

तुझीच,
मावशी